राणीछाप रुपयावरच्या केसरेषा

दसरा होऊन चार-सहा दिवस झाले की एका सकाळी ग्वाल्हेरची हवा अचानक कोरडी होते. आदल्या दिवशीपर्यंत लाकडी कपाटाचं फुगलेलं दार खांदा लावून उघडावं लागतं, आणि त्या सकाळी ते नुसत्या बोटानं उघडतं. गल्लीत भिंतींना सफेदी करणाऱ्या पुताईवाल्यांच्या शिड्या लागलेल्या असतात, गच्च्यांवर रजया पालथ्या पडलेल्या असतात, आणि समोरच्या मिश्राबाई त्यांच्या रजयांना काठीनं असं बदडत असतात की त्या रजयांनी काय अपराध केलाय असं वाटावं. लोकांची दिवाळी चिवड्याच्या पोह्यांपासून सुरू होते. माझी सुरू होते ती कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या तीन पत्र्याच्या पेट्यांपासून.

त्या पेट्यांत नाणी आहेत. पावसाळाभर मी त्यांना हात लावत नाही. ओली हवा चांदीला मानवत नाही, तांब्याला तर मुळीच नाही. म्हणून आश्विनातल्या या पहिल्या कोरड्या सकाळची मी लहान मुलासारखी वाट बघते. खिडकीपाशी टेबल ओढायचं, त्यावर जुनी मऊ रजई चौघडी घालून अंथरायची (नाणं हातातून सुटलंच तर रजईवर पडावं), हात साबणानं धुऊन कोरडे करायचे आणि मग पहिली पेटी उघडायची. आत कापूर ठेवलेला नसतो तरी मला दर वर्षी कापराचा वास येतो. तो बहुधा काकूच्या साडीचा असतो, कारण काकू तोवर माझ्या मागे येऊन उभी राहिलेली असते. टेबलापासून दोन हात लांब, हात पाठीमागे बांधून.

त्या पाठीमागच्या हातांविषयी मला लिहायचं आहे. पण आधी थोडी स्वतःची फुशारकी मारून घेते.

लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या या भागात, आज प्रूफ नाण्याच्या अंगावरची खूण बघून त्याची प्रत सांगणारी जी दोन-तीन माणसं आहेत, त्यांत माझं नाव घेतात. दुसऱ्या कोणी घेतलं नाही तर मी घेते. सकाळी उठून फोन बघावा तर भोपाळहून, झाशीहून फोटो आलेले असतात. "दीदी, इसका ग्रेड बता दीजिए." मी उत्तर धाडते की फोटोतलं नाणं हलत नाही, आणि जे हलत नाही त्याची प्रत मी सांगत नाही. काही जण रागावतात. रागावोत. हा तोरा मी नानाकाकांकडून घेतला आहे आणि तो मी जपणार आहे.

प्रूफ नाणं म्हणजे बाजारात चालायला नव्हे, तर मिरवायला पाडलेलं नाणं. टांकसाळीत त्याचा ठसा आरशासारखा घासतात, कोरी चकतीही घासतात, आणि मग एकदाच्या जागी दोनदा दाबतात. त्यामुळे नाण्याची मोकळी जागा आरसा होते आणि मधला चेहरा पांढुरका, दंव पडल्यासारखा उठून दिसतो. एवढं देखणं नाणं एवढंच नाजूकही. बाजारातला रुपया हजार हातांतून गेला तरी त्याचं काही वाटत नाही. प्रूफ नाण्यावरून मात्र कोणी एकदा प्रेमानं रुमाल फिरवला तरी आरशावर केसासारख्या बारीक रेषा उमटतात आणि त्या जन्मात जात नाहीत. नाना त्यांना केसरेषा म्हणत.

मी एकोणीस वर्षांची होते. गुण्याच्या आमच्या घरून बी.एस्सी.साठी माधवगंजात नाना-काकूंकडे राहायला आले होते. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पाटणकर बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात ते काचा घासून फ्रेममध्ये बसवत. दिवसभर काचा बघायच्या आणि घरी येऊन नाणी बघायची, असं त्यांचं आयुष्य. माणूस सडपातळ, डावखुरा, कमी बोलणारा, पण नाण्याविषयी बोलायला लागला की चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही. आमच्याकडे सगळे पूर्वज दरबारी कारकून. त्यातल्या शेवटच्या कारकुनाला, म्हणजे माझ्या आजोबांना, त्यांचा एक साहेब निवृत्त होताना चामड्याच्या डबीतला एक राणीछाप रुपया देऊन गेला होता. प्रूफ. आजोबा गेले आणि डबी नानांकडे आली. नानांचं नाण्यांचं वेड तिथून सुरू झालं.

त्या वर्षीच्या आश्विनात नानांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. "नजर फिरवायची नाही. नाणं फिरवायचं. कडेनं धर. पोटाला बोट लागता कामा नये." आधी दिवसाच्या उजेडात बघायचं, मग पडदा ओढून पिवळ्या दिव्याखाली. नाणं सावकाश तिरकं केलं की उजेड त्याच्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, आणि त्या सरकत्या उजेडात क्षणभरच काय ते दिसतं. मला आठ दिवस काहीही दिसलं नाही. नवव्या दिवशी एका तांब्याच्या पाव आण्यावर एक रेघ दिसली आणि मी ओरडले. नानांनी भिंगातून बघितलं नि हसले.

"ही उठलेली रेघ आहे, खोदलेली नाही. ठसा घासताना टांकसाळीत राहून गेली. बघ, अक्षराच्या पायथ्याशी थांबते. ही जन्मखूण. हिच्यासाठी प्रत कमी करायची नाही."

मग त्यांनी दुसरं नाणं दिलं. त्यावरची रेघ आत गेलेली होती, आणि आरशावरून थेट अक्षरावर चढून पलीकडे उतरली होती. "ही जखम," नाना म्हणाले. जन्मखूण कोणती आणि जखम कोणती हे ओळखायला मला त्या मोसमाचे सगळे दिवस लागले. कॉलेजात त्या वर्षी मी काय शिकले ते विचारू नका.

नानांचा एक नियम होता. नाणं कोणाचं आहे ते आधी विचारायचं नाही. प्रत सांगून झाल्यावर विचारायचं. एकदा दुकानाचे मालकच एक नाणं घेऊन आले आणि कौतुकानं सांगू लागले की हे आमच्या पणजोबांचं, तर नानांनी तळहात वर करून त्यांना थांबवलं. "मालक, पणजोबा नंतर. आधी नाणं." मग नानांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं की कोणीतरी हे ब्रासोनं घासलं आहे. नोकरी गेली नाही, हे आमचं नशीब.

आता काकू. काकू घरभर वावरायची, गाणी गुणगुणायची, दोन जिने चढून गच्चीवर सांडगे घालायची. पण पेट्या उघडल्या की तिचं सगळं बदलायचं. चहा आणायची तो लांबच्या तिवईवर ठेवायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "मी हात लावते आणि गडबड होते. आपल्याला झंझटच नको."

झालं होतं ते असं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नव्या सुनेनं लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात घरातली सगळी चांदी मांडली. त्यात चामड्याच्या डबीतला रुपयाही मांडला. आमच्याकडे मांडलेल्या नाण्यांना दूध-पाण्याची आंघोळ असते. तिनं ती घातली. दुसऱ्या दिवशी नानांनी रुपया दिव्याखाली धरला आणि त्यांना आरशावर केसरेषा दिसल्या. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती गोष्ट गमतीची करून टाकली. दर दिवाळीला कोणी पाहुणा आला, पेट्या निघाल्या, राणीछाप रुपया हातात आला की नाना हसून म्हणायचे, "आमच्या हिनं याला अभ्यंगस्नान घातलं, उटणं लावून!" पाहुणे हसायचे. काकूही हसायची. "मी नुसतं टिपलं होतं हो, घासलं नव्हतं," असं पहिली काही वर्षं म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. वीस वर्षं हे चाललं होतं.

त्या हिवाळ्यात बाड्याच्या चौकाजवळच्या एका सभागृहात इथल्या नाणीवाल्या मंडळींचं छोटं प्रदर्शन भरायचं होतं. नानांची बारा नाणी जायची होती. प्रत्येक नाण्याखाली एक कार्ड. त्यावर प्रत आणि खुणा. माझं अक्षर बरं म्हणून कार्डं मी लिहायची. नानांनी मजकूर एका वहीत लिहून दिला होता, आणि राणीछाप रुपयासमोर लिहिलं होतं : पूजेत पुसल्यामुळे केसरेषा.

काकूनं ते वाचलं. प्रदर्शनाला आपली सगळी मराठी मंडळी येणार, तिच्या भिशीतल्या बायका येणार, हे तिला माहीत होतं. ती नानांना म्हणाली, "ते लिहिणं जरुरी आहे का? घरात बोलता ते ठीक आहे. तिथे सगळे वाचतील."

"खूण लपवायची नाही, अगं. नाहीतर मी कशाला दुसऱ्यांची नाणी बघू?" नाना म्हणाले, आणि त्यात त्यांना काहीही वावगं वाटलं नाही.

काकू आत गेली. मला ते फार लागलं. तोवर त्या रुपयाची प्रत मी कधी पाहिलीच नव्हती. घरात सगळ्यांना ती पाठ होती, मग बघायची कशाला? मी पडदा ओढला, दिवा लावला आणि डबी उघडली. खरं सांगते, काकूला सोडवायचं म्हणूनच मी बघायला बसले होते, आणि हे नियमाला धरून नव्हतं. म्हणून मी स्वतःला दटावलं. आधी नाणं.

आरसा सुरेख होता. मी तो तिरका केला, उजेड सरकला, आणि राणीच्या चेहऱ्यासमोर केसरेषा दिसल्या. मानेमागेही दिसल्या. कमानीसारख्या वळलेल्या, डावीकडच्या खालच्या अंगानं वर गेलेल्या, एकाच हाताच्या. पण गालाच्या कडेशी त्या थांबत होत्या. गालावर एकही नव्हती. दंव जसंच्या तसं होतं. मला आधी वाटलं ही जन्मखूणच असेल. भिंग लावलं. नाही, रेषा खोदलेल्या होत्या, जखमच होती. मग मी नाणं उलटलं. दुसऱ्या बाजूला एकही रेघ नाही. फक्त कडेशी मसुराएवढा एक धुरकट डाग, थेंब वाळून राहतो तसा.

नाण्याला आंघोळ घालून जो पुसतो तो दोन्ही बाजू पुसतो, आणि चेहराच आधी पुसतो. ज्यानं हे केलं त्यानं चेहरा चुकवला होता. म्हणजे चेहऱ्यावरच्या दंवाला हात लावायचा नसतो हे त्याला कळत होतं. काकूला तेव्हा काय कळत होतं?

नाना समोरच बसले होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, काचेवर हाः करून श्वास सोडला, आणि रुमालाआड डावा अंगठा धरून काच पुसली. खालून वर, कमानीसारखी, कडेपर्यंत जाऊन थांबत. दिवसातून पन्नासदा ते दुकानात हेच करत. घरीही मी रोज बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

काकू चहा घेऊन दारात उभी होती.

"नाना," मी म्हटलं, "नाणं कोणाचं ते आधी विचारायचं नाही ना?"

"नाही."

"मग मी प्रत सांगते." आणि मी सांगितली. समोरून केसरेषा, मागून एकही नाही. दंव शाबूत. मागच्या कडेला वाळलेल्या थेंबाचा डाग. "रेषा आणि डाग एका माणसाचे नाहीत, नाना. डाग ज्याचा आहे त्यानं नुसतं टिपलंय. रेषा ज्याच्या आहेत त्याला नाणं धरता येतं. त्यानं चेहरा वाचवलाय. आणि तो डावखुरा आहे."

नानांनी नाणं घेतलं. भिंग लावलं. ते किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही, पण चहावर साय धरली. मग त्यांनी सवयीनं चष्मा काढला, हाः केलं, रुमाल धरला आणि अंगठा अर्ध्यावर थांबला. ते अंगठ्याकडे बघत राहिले.

"दुकानात," ते हळूच म्हणाले. "बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. डबी दुकानात नेली होती मी. धूळ दिसली म्हणून…" आणि ते उठून गच्चीवर गेले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं, याबद्दल मला आजही शंका नाही. काचेचा कारागीर चमकती वस्तू हातात आली की श्वास सोडतो आणि पुसतो. ते त्याच्या हातात असतं, डोक्यात नसतं. पुढे केसरेषा दिसल्या तेव्हा समोर नवी सून होती, ताम्हन होतं, दूध होतं. अख्ख्या लष्करातली नाणी या माणसानं नियमानं तपासली आणि आपलं एकच तेवढं कोणाचं ते आधी ठरवून बघितलं.

दोन दिवस नाना दुकान ते घर, घर ते दुकान. जेवताना मान खाली. मला वाटलं मी घर मोडलं. गुण्याला परत जायची तयारी मी मनात केली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टेबलाशी बसले, एक कोरं कार्ड घेतलं आणि माझं बरं अक्षर बाजूला ठेवून स्वतःच्या डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरात लिहिलं. मग काकूला हाक मारली आणि कार्ड तिच्यासमोर धरलं.

रुपया, राणीछाप, प्रूफ. आरसा उत्तम. चेहऱ्यावरचं दंव शाबूत. समोरच्या बाजूस केसरेषा; त्या मी स्वतः, माझ्या हातानं पुसल्यामुळे. खाली पूर्ण सही.

काकूनं दोनदा वाचलं. "एवढं कशाला हो लिहिलंत? लोक हसतील ना तुम्हाला."

"वीस वर्षं तुला हसले," नाना म्हणाले. "चुकलो मी."

प्रदर्शनात ते कार्ड लोक वाकून वाकून वाचत होते. भिशीतल्या बायकांनी तर मोठ्यानं वाचलं. झाशीहून आलेले एक जुने संग्राहक नानांकडे बघून म्हणाले, "नाना साहब, आपने? आपने खुद?" आणि नाना ताठ उभे राहून म्हणाले, "जी हाँ, मैंने. और पकड़ा किसने? इस लड़की ने." माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. पुढे आयुष्यात पदवी मिळाली, नोकरी मिळाली, बढती मिळाली, पण तेवढी उंच मी पुन्हा कधी झाले नाही. आणि मला त्याहून जास्त अभिमान वाटला तो त्या तिरक्या अक्षराचा. चूक सापडली की माणसं कार्ड बदलतात. नानांनी कार्डावर नाव घातलं.

काकूचे हात मात्र पाठीमागेच राहिले. पुढच्या लक्ष्मीपूजनाला नानांनी रुपया कडेनं धरून तिच्यासमोर नेला. "ठेव," म्हणाले. ती मागे सरली. "मी नाही बाई. तुम्हीच ठेवा." तेव्हापासून आमच्याकडे त्या एका नाण्याची पूजा कोरडी. सगळ्या चांदीला दूध-पाणी, आणि राणीछाप रुपया पाटाच्या कोपऱ्यात वाटीत, अक्षतासुद्धा लांबूनच. नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कोरडी पूजा चालू राहिली. काकू माझ्याकडे आली, तिनं पंच्याऐंशी ओलांडली, आणि पेट्या उघडल्या की दोन हात लांब, हात पाठीमागे.

या वर्षी माझ्या मुलीनं, रेवानं, हट्टच धरला. "मम्मा, भेज दो ना ग्रेडिंगला. सगळे पाठवतात. एकदम सील होऊन येतं, फिर कोई टेन्शन नहीं." मी वर्षानुवर्षं नाही म्हणत होते. नानांनी प्रत सांगितली आहे, आणखी कोणाला काय विचारायचं? पण मीही साठीकडे निघाले आहे. माझ्यानंतर हे नाणं कोणाच्या रुमालाखाली येईल कोण जाणे. उन्हाळ्यात नाण्यांची प्रत ठरवून देणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. गेल्या आठवड्यात, नेमक्या या कोरड्या दिवसांत, कुरिअरवाला पार्सल देऊन गेला.

जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीत रुपया बंद होऊन आला होता. पट्टीच्या डोक्यावर चिठ्ठी. रेवानं ती आधी वाचली आणि तिचं तोंड उतरलं. "नंबर ही नहीं दिया! साठ-सत्तरमधलं काहीतरी देतात ना? लिहिलंय, प्रूफ आहे पण पुसलेलं आहे."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. कुठल्या तरी दूरच्या शहरात, कसल्या कसल्या यंत्रांखाली, नाव-गाव न विचारता त्यांनी तपासलं आणि तेच सांगितलं जे माधवगंजातल्या एका काचा घासणाऱ्या माणसानं पिवळ्या दिव्याखाली लिहून ठेवलं होतं. मी ते काकूला मोठ्यानं सांगितलं, कारण तिला आता कमी ऐकू येतं.

"पुसलंय, असं लिहिलंय?" काकूनं विचारलं.

"हो."

"कोणी, ते नाही लिहिलं?"

"नाही काकू. ते त्यांना कसं कळणार?"

"मग हे अधुरं आहे," काकू म्हणाली. "ह्यांचं कार्ड काढ. ते याच्याखाली ठेव."

मी पेटीतून कार्ड काढलं. शाई तपकिरी झाली आहे, पण सही स्पष्ट आहे. काकूनं ते स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं. मग ती त्या प्लास्टिकच्या पट्टीकडे बघत राहिली. बोटानं टकटक करून पाहिलं.

"आत पाणी नाही ना जाणार?"

"नाही. पुरतं बंद आहे."

"घासलं तरी?"

"कितीही घासलंस तरी."

काल लक्ष्मीपूजन झालं. काकूनं राणीछाप रुपया, पट्टीसकट, ताम्हनाच्या मधोमध ठेवला. दूध घातलं, पाणी घातलं, पुन्हा दूध घातलं. रेवा मोबाइल घेऊन फोटो काढत होती आणि हसत होती. मी कार्ड दुधापासून लांब उचलून धरलं होतं. मग काकूनं ती पट्टी हातात घेतली, मांडीवर ठेवली, पदर ओढला आणि पुसायला लागली. पुढून, मागून, चेहऱ्यावरून, दोन्ही हातांनी, दाबून, मनसोक्त.